ही बोली आमच्या घराची नव्हे

ऊस वाहणारे ट्रॅक्टर पुन्हा रस्त्यावर आले आहेत. मागे दोन-दोन ट्रॉल्या, बाजूंनी लोंबणारे ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या टपाला बसवलेल्या स्पीकरमधून गल्लीभर पसरणारं प्रेमभंगाचं गाणं. देवळाली प्रवराला आमच्या घरासमोरच रस्ता वळतो. ट्रॅक्टर तिथं गिअर बदलतो तेव्हा मांडणीवरची ताटं थरथरतात. गावाला हा आवाज आवडतो. ऊस हलला की बाजार हलतो, दुकानदार हसून बोलायला लागतात, कापडवाला नव्या साड्या बाहेर टांगतो. मलाही तो आवडायला हवा, कारण आमचं घर याच हंगामावर चालतं. पण पहिला ट्रॅक्टर गेला की माझ्या कपाळाची शीर ताडकन उठते, आणि पुढचे आठ-पंधरा दिवस मी कुणाशीही धड बोलत नाही.

काल सकाळी अंगणात कपडे वाळत घालत होते. शेजारच्या रोझीवहिनी कुंपणापाशी आल्या.

"करुणाताई, रविवारी हंगामाचा सण हाय. तुमी काय नेनार या साली?" एवढं बोलून त्या थबकल्या आणि लगेच म्हणाल्या, "सहज इचारलं हं."

"अंडी," मी म्हणाले.

"मग लिलावाला थांबनार का?"

"थांबनार की. का न थांबावं?"

त्यांनी बादलीतला एक टॉवेल उगाचच झटकून माझ्या हातात दिला आणि निघून गेल्या. आमच्या चर्चच्या मंडळीत माझ्यापुढं हंगामाच्या सणाचं नाव काढताना माणसं अजून जपून बोलतात. मला त्याचाही राग येतो. जसं काही मी त्या दिवशी चर्चला आग लावली होती.

ज्यांना आमचा हा सण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाजरी घरात आली की आम्हा ख्रिस्ती लोकांच्या चर्चमधून एका रविवारी हंगामाचा सण होतो. शेतातलं, परसातलं, खुराड्यातलं जे पहिलं आणि चांगलं असेल ते घेऊन यायचं. त्या दिवशी चर्च ओळखू येत नाही. खांबांना ऊस बांधलेले, पुढं बाजरीच्या कणसांच्या पेंढ्या, केळीचे घड, दुधी, लाल भोपळे, मेथीच्या जुड्या, घरी भाजलेले केक, आणि पाय बांधलेल्या कोंबड्या, ज्या उपदेश चालू असताना नेमक्या शांततेच्या जागी ओरडतात. लहानपणी मला वाटायचं, स्वर्गाला असाच वास असणार, मेथी आणि ताजा केक मिळून. उपासना संपली की हे सगळं बाहेर मांडवात येतं आणि त्याचा लिलाव होतो. पैसा चर्चच्या कामाला. माणसं हौसेनं बोली लावतात, जिंकलेली वस्तू पुन्हा दान करतात, ती पुन्हा विकली जाते. गोड प्रथा आहे. मी तिच्या विरुद्ध नाही. हे मला इतक्या वेळा सांगावं लागलंय की आता सांगतानाही आवाज चढतो.

माझा नवरा विल्सन साखर कारखान्यात बॉयलरवर फायरमन आहे. सिझनल कामगार. म्हणजे बॉयलर पेटला की पगार, आणि ऊस संपला की घरी. बंद काळात रिटेन्शन म्हणून पगाराचा एक तुकडा मिळतो. मी एका खाजगी दवाखान्यात कामाला जाते. पेशंट मला सिस्टर म्हणतात, डॉक्टर पगार देताना मदतनीस म्हणतात. ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची. त्या वर्षी आदल्या पावसानं दगा दिलेला होता, ऊसच नव्हता, आणि होळीच्या आतच हंगाम आटोपला. विल्सन डबा आणि पंचा घेऊन घरी आला तेव्हा अजून थंडी पूर्ण गेलेली नव्हती. पुढं उन्हाळा, मग सगळा पावसाळा. त्यातच आमच्या सुवार्तेला नगरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. ही आमची एकुलती एक मुलगी. प्रवेशाचा पेढा वाटून संपायच्या आत होस्टेल, गणवेश आणि फीचे हप्ते दारात उभे राहिले.

बजेट हा शब्द घरात तिनंच आणला. नगरला जायच्या आधीचा रविवार होता. चर्चहून आलो, जेवलो, आणि ती म्हणाली, "पप्पा, आपण नीट बजेट करू. सगळ्यांनी बसून."

"करू की," विल्सन म्हणाला. "सरकार करतं, मग आपन का न्हाई?"

तो खुशीत होता. चटईवर मांडी घालून बसला, बाही वर केली, पेन मागून घेतलं. बाहेर पावसाची भुरभुर होती आणि ओल्या लाकडांचा धूर घरात घुसत होता, कारण गॅसचं सिलिंडर आम्ही आधीच पुरवून वापरायला लागलो होतो. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना आम्ही सगळे आईच म्हणतो.

"आधी दशांश," आई म्हणाल्या. "देवाचं काढा, मंग तुमचं चालू द्या."

त्यावर वाद नव्हता. येईल त्यातला दहावा हिस्सा पहिल्या ओळीत गेला. मग फी, वाणसामान, लाईटबिल, विल्सनच्या गाडीचं पेट्रोल, दूध. बेरीज केली तर खालचा आकडा वरच्या आकड्याच्या बाहेर लोंबत होता, ट्रॉलीतल्या उसासारखा. मग सोडायची वेळ आली. विल्सननं स्टँडवरचा चहा आणि तंबाखूची पुडी सोडली. आईंनी मिश्री अर्ध्यावर आणली. दर पंधरवड्याला येण्याऐवजी महिन्यातून एकदाच येईन, असं सुवार्ता म्हणाली, आणि ते ऐकून विल्सननं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. फार छान चाललं होतं सगळं. नंतर सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"माझी दाढ हाय," मी म्हणाले.

उजवीकडची खालची दाढ तेव्हाच दुखत होती. दाताच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, नस खराब झालीय, रूट कॅनॉल करून वर टोपी बसवावी लागेल, साडेचार हजार.

"आत्ता थांबवता येईल का गं?" विल्सननं विचारलं. चांगल्या शब्दांत विचारलं, तो तसा कडक माणूस नाही. "बॉयलर पेटला की पहिल्या पगारात पहिली तुझी दाढ."

सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली. सगळ्यात शेवटच्या ओळीत त्यानं लिहिलं, दाढ. हंगामाच्या सणाच्या लिलावासाठीही एक ओळ धरली होती, दोनशे रुपये. त्याच्यासुद्धा खाली.

बजेट करणं सोपं असतं. एका दुपारचं काम. ते पाळायचं म्हणजे रोज, दिवसातून कितीदा तरी, कुणाला तरी नाही म्हणायचं, आणि ते नाही म्हणणारं तोंड घरातल्या बाईचं असतं. भाजीवाल्याला मी नाही म्हणाले. भिशीवाल्या बायकांना नाही म्हणाले. माहेरी तिसगावला भाच्याच्या साखरपुड्याला गेले नाही, ताप आलाय म्हणून कळवलं, आणि माझ्या भावानं फोनवर नुसतं "बरं" म्हटलं ते मला अजून ऐकू येतं. दवाखान्यातून घरी यायला शेअर रिक्षा सोडली आणि चालत यायला लागले. पावसात चिखल उडून साडीचा काठ रोज धुवावा लागे, मग साबण जास्त लागे, मग त्या साबणाचा राग येई. पिठलं, आमटी, पिठलं, आमटी. तेल पळीनं नाही, चमच्यानं. सगळ्या मुलखाला साखर पुरवणारं आमचं गाव, नवरा साखरेच्या कारखान्यात, आणि मी वाण्याकडं उभी राहून पावशेर साखर मागायची.

"पावशेरच?" वाणी मोठ्यानं विचारायचा.

"शुगर हाय आईंना," मी सांगायचे. आईंना कसलीही शुगर नाही. ठणठणीत आहेत.

त्या दिवसांत सुवार्ता मला मोबाईलवर व्हिडिओ पाठवायची, घरखर्च कसा सांभाळावा याचे. एक बाई असायची त्यात, मागं पांढरंशुभ्र स्वयंपाकघर, ओट्यावर एक हिरवं रोप. ती हसत सांगायची की बाहेरची कॉफी बंद करा, बाहेरून जेवण मागवणं कमी करा, वर्षाच्या शेवटी तुम्हाला स्वतःचंच आश्चर्य वाटेल. मी दवाखान्यातल्या मागच्या पायरीवर बसून, गालात लवंग धरून ते बघायचे. बाई गं, बंद करण्यासाठी मला आधी कॉफी सुरू करावी लागेल. ज्याच्या ताटात चार वाट्या आहेत त्याला एक वाटी कमी कर म्हणणं म्हणजे सल्ला. ज्याच्या ताटात एकच आहे त्याला तेच सांगायचं, आणि वर हसायचं? मी तो मोबाईल कितीदा तरी उपडा ठेवला.

दाढ मात्र वाट पाहायला तयार नव्हती. श्रावण सरेपर्यंत मी फक्त डाव्या बाजूनं चावायला शिकले. भाकरी कालवणात कुस्करून खायची. थंड पाणी लागलं की कानापर्यंत कळ जायची. लवंगेच्या तेलानं जीभ बधिर व्हायची आणि कुठल्याच पदार्थाला चव राहायची नाही. दवाखान्यात मी लोकांना इंजेक्शनच्या आधी म्हणायचे, "काही होत न्हाई, मुंगी चावल्यासारखं वाटंल." आणि स्वतःची दुखणारी बाजू भिंतीच्या गार फरशीला लावून उभी राहायचे.

आणि विल्सन? खरं तेच सांगायचं. विल्सननं घरात बजेट मोडलं नाही. पिठल्याला नाव ठेवलं नाही. पुडी सोडली ती सोडलीच. ज्या बाप्याला रोज पेटत्या बॉयलरपुढं उभं राहायची सवय, तो दिवसभर घरात बसून लसूण सोलायचा, कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त करायचा. मला त्याचा अभिमान वाटायला लागला होता. बजेटनं आमच्यात काहीतरी नवं आणलंय असंही वाटायचं. कधी नव्हे ते आम्ही एकमेकांना प्रत्येक गोष्ट विचारायला लागलो होतो.

दिवाळीच्या आसपास बॉयलर पेटला. विल्सनच्या कपड्यांना पुन्हा मळीचा तो आंबूस-गोड वास यायला लागला. पहिला पूर्ण पगार हातात यायला अजून वेळ होता. हंगामाचा सण नेमका याच मधल्या दिवसांत येतो, जेव्हा काम सुरू झालेलं असतं, छाती भरून आलेली असते, आणि हात रिकामा असतो.

त्या रविवारी माझा उजवा गाल सुजला होता. पदर तोंडावरून घेऊन मी बायकांच्या बाजूला बसले. आमच्या कोंबड्यांची अंडी टोपलीत घालून पुढं ठेवली होती. निघताना विल्सन स्वतःच म्हणाला होता, "दोनशेच्या वर जायचं न्हाई, ठरलंय ते ठरलंय." इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता त्यानं. मी मनात म्हटलं, किती दिवसांनी चांगला दिसतोय.

लिलाव मनोहरमामा करायचे. चर्चच्या पंचांपैकी एक, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, आवाज घंटेसारखा. केक गेला, केळी गेली, आमची अंडी गेली. मग त्यांनी एक मोठा लाल भोपळा दोन्ही हातांनी वर उचलला. पुढच्या खुर्चीत जॉनसनशेठ बसले होते. त्यांचा प्लॉटिंगचा धंदा. ते बोली लावताना हात वर करत नाहीत, नुसतं बोट हलवतात.

"तीनशे, जॉनसनशेठ!" मामा ओरडले. "आरं, एकटंच चाललंय. फॅक्टरीवाले गप का आज? काय विल्सनभाऊ, बॉयलर थंड पडला का काय?"

मांडव हसला. आणि मी विल्सनचा हात वर जाताना पाहिला.

"पाचशे," तो म्हणाला.

बोट हललं. हजार. विल्सन, दीड हजार. माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी शिट्टी मारली. मला वाटलं आता थांबेल, आता थांबेल. अडीच. तो उभाच राहिला खुर्चीवरून. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी लग्नातही पाहिलं नव्हतं. शेजारी बसलेल्या आई माझा हात दाबून म्हणाल्या, "बघ, माझं लेकरू कसं उभं राह्यलंय." तीन. साडेतीन, बोट. आणि विल्सन, "चार हजार!"

जॉनसनशेठ हसले आणि मान मागं टेकवली.

"चार हजार एक वार," मामा म्हणाले. "चार हजार दोन वार..."

माझ्या दाढेतून एक कळ निघाली आणि डोळ्यांपुढं पांढरं झालं. चार हजार. घरात सुवार्तेच्या हप्त्याचे बाजूला ठेवलेले पैसे होते आणि येणारा पगार होता. हप्त्याला हात लावणार नाही एवढं मी त्याला ओळखत होते. म्हणजे तो भोपळा माझ्या तोंडातून विकत घेतला जात होता. हे गणित मांडायला मला क्षणही लागला नाही, कारण सगळा पावसाळा मी तेच गणित चघळत होते. मी उभी राहिले.

"थांबा मामा."

"काय ताई, तुमी वाढवता का?" पुन्हा हशा.

"ही बोली आमच्या घराची न्हाई. आमच्या घराची बोली दोनशे रुपये."

हशा अर्ध्यात तुटला. विल्सननं माझ्याकडं पाहिलं, जसं काही मी परकी बाई होते.

मामांनी आवाज मऊ केला. "ताई, देवाचं काम हाय. देवाच्या कामातून माघार घेऊ नये."

"देवाचं आमी आधीच काढलंय मामा. दर महिन्याला, सगळ्यात पयलं. हे चार हजार माझ्या दाढेचे हायेत."

मागं कुणीतरी फसकन हसलं. बायकांमधूनच. मग आणखी दोघी-तिघी. त्या हसण्याचा राग मी आजवर कुणाला नीट समजावून देऊ शकले नाही. ऑपरेशन म्हणाले असते तर कुणी हसलं नसतं. दाढ म्हणाले म्हणून हसले. बाईचं दुखणं मोठं असावं लागतं, झाकलेल्या चादरीखालचं असावं लागतं, तरच ते दुखणं. नाहीतर ती कुरकुर.

"करुणा, बस खाली," विल्सन म्हणाला.

"बसत न्हाई. आधी हात खाली घ्या तुमी."

त्याचा हात अजून वरच होता. त्यालाही ते माहीत नसावं. तो हळूहळू खाली आला.

"चालतंय, चालतंय," जॉनसनशेठ मोठ्या मनानं म्हणाले. "माझी मागची बोली धरा. आन् भोपळा कापून मंडळीतच वाटा." टाळ्यांचा कडकडाट झाला. तोपर्यंत मी फाटकाबाहेर पडले होते.

आई माझ्या आधी रिक्षानं घरी पोचल्या होत्या. कुणीतरी दया येऊन बसवून दिलं असणार. "चार मान्सांत पोराची इज्जत चिरलीस," एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून झोपल्या. विल्सन बऱ्याच वेळानं आला. शर्ट काढून खुंटीला लावला आणि पाठमोरा म्हणाला, "घरी येऊन बोलली असतीस तर मी काय मारलं असतं तुला?"

"घरी येऊन काय बोलायचं? भोपळा घरी आल्यावर?"

"पैशे कुठून तरी केले असते मी."

"कुठून?"

तो वळला. "तुला काय माहीत गं? होळीपासून जो तो विचारतोय, विल्सन, सध्या बसूनच का? दाढी करायला गेलो तरी तेच. बायकोच्या पगारावर हाय म्हनत्यात मागं. आज मामानं सगळ्यांपुढं नाव घेतलं माझं. जॉनसनशेठ माझ्याकडं वळून बघत हुता. माझ्याकडं! मी हात वर केला तर काय चुकलं माझं?"

मला ते कळलं. त्याच क्षणी कळलं, आणि आत कुठंतरी कळवळलंही. इतके महिने हात खाली घालून बसलेल्या माणसाला एकदा हात वर करावासा वाटला. पण कळलं म्हणून राग गेला नाही. लोकांना वाटतं, समोरच्याचं समजलं की बाईनं शांत व्हावं. का व्हावं? मला त्याची भूक समजली होती. त्यानं ती माझ्या ताटातून भागवायला घेतली होती हेही तितकंच समजलं होतं. बाप्या माणसानं चारचौघांत हात सैल सोडला तर तो दिलदार. बाईनं तोच हात चारचौघांत धरून ठेवला तर ती चिकट. घरात चमच्यानं तेल मोजण्याला काटकसर म्हणतात आणि कौतुक करतात, पण तोच चमचा मांडवात नेला की इज्जत जाते. हा हिशेब कुणी घातलाय आणि तो कुणालाच कसा खुपत नाही?

आम्ही बोलणं बंद केलं. जेवण वाढणं, पाळीचा डबा भरणं, चालू होतं. दवाखान्यात एक बाई मुद्दाम रक्त तपासायला आली आणि जाताना म्हणाली, "तुमीच ना त्या भोपळ्यावाल्या?" गावभर झालं होतं.

पहिला पूर्ण पगार झाला. विल्सननं तो ओट्यावर ठेवला आणि पाळीला गेला. मी दशांश काढला, वाणसामानाचे ठेवले, आणि साडेचार हजार पर्समध्ये घालून दाताच्या डॉक्टरकडं गेले. त्यानं आरसा घालून पाहिलं, फोटो काढला, हातमोजे उतरवले.

"फार उशीर केला तुम्ही," तो म्हणाला. "खाली पू धरलाय, दाढ उभी चिरलीय. आता ही वाचत नाही. काढावी लागेल. पावसाळ्याच्या सुरुवातीला आला असतात तर..."

काढायला फक्त सहाशे रुपये लागले. कापसाचा बोळा दाबून मी रस्त्यानं चालत आले. पर्समध्ये उरलेले पैसे होते आणि मी रडत होते, दुखत होतं म्हणून नाही. त्या रस्त्यावर मला पहिल्यांदा बजेटचाच राग आला. विल्सनवरचा राग त्यापुढं लहान वाटला. त्यानं लिलावात चार हजारांची बोली लावली खरी, पण ती मी मोडली, एक रुपयाही गेला नाही. दाढ गेली ती त्या दुपारी चटईवर गेली, जेव्हा चार शहाणी, प्रेमळ माणसं बसली होती आणि शेवटच्या ओळीत तिचं नाव लिहून सगळ्यांनी मान हलवली होती. कुणी वाईट नव्हतं त्यात. पुडी सोडली तर तोंडाला चैन पडत नाही, मिश्री कमी केली तर चिडचिड होते, मुलगी महिन्यातून एकदा आली तर आठवण येते. या सगळ्यांनी सोय सोडली. मी अवयव सोडला. आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही की ह्या ओळी एका मापाच्या नाहीत.

संध्याकाळी विल्सन आला. मी बोलू शकत नव्हते. ओट्यावर उरलेले पैसे ठेवले आणि तोंड उघडून त्याला ती जागा दाखवली. त्यानं वाकून पाहिलं. मग मोरीत गेला आणि फार वेळ हातपाय धूत बसला. माफी त्यानं मागितली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्यासाठी रव्याची पातळ खीर केली, तिच्यात गुठळ्या झाल्या होत्या, आणि मी ती रागानंच प्यायले.

त्याला आता काही वर्षं झाली. आम्ही बजेट सोडलं नाही. दर बंद हंगामात चटई अंथरतो. फी फिटली, सुवार्ता नगरला एका हॉस्पिटलात लागली, दर महिन्याला घरी पैसे पाठवते. आईंना वाटतं माझा राग ओसरलाय, कारण मी लिलावाला हसतमुखानं थांबते. तो ओसरलेला नाही. मी त्याला घरात ठेवलंय, कामाला लावलंय. वाण्याच्या दुकानात आता मी पावशेर साखर मोठ्यानं मागते. आईंच्या शुगरचं नाव काढत नाही.

या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची दुपार, आम्ही तिघंच. आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन या वर्षी करायचं, ते विल्सननं सगळ्यात वर लिहिलं, दशांशाच्या खालोखाल. मग घराच्या पत्र्याचं, मग वाणसामानाचं. मी लसूण निवडत होते. तो लिहिता लिहिता थांबला.

"तुझं काय लिहू?" त्यानं विचारलं.

मी त्याच्याकडं पाहिलं. थट्टा नव्हती. पेन टेकवून तो खरंच वाट बघत होता.

आणि मला काही आठवेना. मी डोकं चालवलं. साडी? आहेत. चप्पल? चालतेय अजून. दुखतंय का कुठं? नाही. काय हवंय मला? मी आत हात घातला आणि हाताला काहीच लागलं नाही. इतकी वर्षं शेवटच्या ओळीत राहून मागायचं काय असतं तेच मी विसरून गेले होते. विल्सन थांबला होता, आई बघत होत्या, आणि माझ्या कानशिलांतून गरम वाफ निघायला लागली. हा तर सगळ्यांत मोठा तोटा होता आणि तो कुठल्याच बेरजेत धरलेला नव्हता.

"काय न्हाई का?" आई म्हणाल्या. "मंग ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ देऊ नका," मी म्हणाले. "लिहा. करुणा. पुढं हजार रुपये, दर महिन्याला."

"कशासाठी लिहू?" विल्सननं विचारलं.

"ते मला अजून माहीत न्हाई. नुसतं नाव लिहा."

"आगं, असं कुठं असतं व्हय?" आई म्हणाल्या. "कारन नको का काही?"

मी पुढचा लसूण हातात घेतला. विल्सननं आईंकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग त्यानं माझं नाव लिहिलं, पुढं आकडा लिहिला, आणि खालची बेरीज पुन्हा पहिल्यापासून करायला घेतली.